मॅनेजर उघडला म्हणजे काम झालं नाही

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही. शिरूरच्या एका दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, "लिनक्स टाकून देतो दादा. स्कायरिम गेम, त्याचे मॉड, सगळं पळतं." लॅपटॉप देताना त्याने मॉड ऑर्गनायझर, म्हणजे मॉड सांभाळणारा मॅनेजर, उघडून दाखवला आणि पैसे मोजून घेतले. गेम काही चालवून दाखवला नाही.

दौंडला घरी येऊन गेम लावला, तर एकही मॉड नाही! यादीत सगळ्यांपुढे टिक, गेम मात्र कोरा. फोन केला तर म्हणे, "तुम्हीच काहीतरी छेडछाड केली असेल." मग म्हणे मॉडच खराब. मग म्हणे, परत शिरूरला घेऊन या. म्हणजे पुन्हा चौफुला-न्हावरा रस्त्याने लॅपटॉप मांडीवर घेऊन धक्के खात जायचं, तेही याच्या सोयीने.

शेवटी मीच शोधाशोध केली. 'माय गेम्स' नावाची दोन फोल्डर सापडली. एक साध्या वाईनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दुसरं स्टीमच्या कॉम्पॅटडेटा फोल्डरात, ४८९८३० या आकड्याखाली. हा स्कायरिम स्पेशल एडिशनचा स्टीमवरचा नंबर. प्रोटॉनवर, म्हणजे स्टीमच्या स्वतःच्या वाईनवर, चालणाऱ्या प्रत्येक गेमला स्टीम वेगळं नकली विंडोज करून देतं, त्याला प्रीफिक्स म्हणतात. या पठ्ठ्याने मॅनेजर भलत्याच प्रीफिक्समध्ये टाकला होता. गाडी दौंडच्या फलाटावर आणि प्रवासी शिरूरच्या एसटी स्टँडवर! वाईनच्या फोल्डरवरची तारीख लॅपटॉप त्याच्या टेबलावर होता तेव्हाची. छेडछाड कुणाची, ते तिथेच कळलं. त्या तारखेचा फोटो त्याला पाठवला. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.

आता ज्यांना हे करायचंय त्यांनी ऐकावं. मॅनेजर टाकण्याआधी गेम एकदा स्टीममधून तसाच चालवा. प्रीफिक्स तेव्हाच तयार होतो. मॅनेजर त्याच प्रीफिक्समध्ये गेला पाहिजे, प्रोटॉनट्रिक्सने ते जमतं. नंतर गेम मॅनेजरमधूनच सुरू करायचा. मॉड ऑर्गनायझर मॉडच्या फाइली गेमच्या फोल्डरात टाकत नाही, चालू असताना फक्त तसं भासवतो. थेट गेम लावला तर मॉड दिसणारच नाहीत.

विंडोजच्या जुन्या एनटीएफएस पार्टिशनवर गेम ठेवू नका. प्रीफिक्समध्ये नावात कोलन असलेल्या लिंक असतात, त्या तिथे गोंधळ घालतात. गेम लिनक्सच्या एक्स्ट४ पार्टिशनवर हलवा. स्टीम फ्लॅटपॅकचं असेल तर फोल्डर वेगळ्याच जागी असतात, हे आधी विचारून घ्या. स्टीममध्ये 'गेम सुरू करतानाच अपडेट' हा पर्याय निवडा. नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटने एसकेएसई या स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर चालणारे कितीतरी मॉड एका रात्रीत बंद पाडले होते. सेव्हची कॉपी ठेवा. धीर धरा, घाई नको.

आणि दुकानातून करून घेत असाल तर पैसे देण्याआधी तिथेच गेम लावायला सांगा, कन्सोल उघडून एसकेएसईचं व्हर्जन विचारा. नंबर आला तर पैसे द्या. "घरी जाऊन बघा, चालेल" म्हणणाऱ्याला पैसेही घरी जाऊनच पाठवतो म्हणावं.