पाव इंचाची माया
(तृतीय वर्ष, कला)

गोधडीवर अभ्यासलेख लिहिते आहे असे सांगितल्यावर वर्गातील मैत्रिणी हसल्या. घडवंचीवर रचून ठेवायच्या वस्तूवर लिहिण्यासारखे काय आहे, असा त्यांचा सूर होता. एक वर्षापूर्वी मीही हसलेच असते. परंतु मधल्या काळात माझ्या हातून एक चूक घडली आणि गोधडीचा नमुना तयार करणे व तो छापून दुसऱ्याच्या हाती देणे किती जबाबदारीचे काम आहे, हे मला कळले. ती चूक आणि तिच्यापासून घेतलेला धडा वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या घरी आजीने शिवलेल्या सात गोधड्या आहेत. त्यांपैकी एकीला ती ‘नऊ घरांची’ म्हणते. तीन ओळींत तीन-तीन असे नऊ चौकोनी तुकडे जोडून एक चौक होतो. चारही कोपरे आणि मधले घर गडद रंगाचे, उरलेली चार घरे फिकी. असे चौक शेजारी-शेजारी जोडले की चार कोपरे जिथे भेटतात तिथे गडद रंगाचा मोठा चौकोन उमटतो आणि साध्या तुकड्यांतून दुहेरी नक्षी दिसू लागते. वरचे हे अंग तयार झाले की खाली जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर अंथरायचे, चारी बाजूंना वजने ठेवायची आणि कडेपासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत यायचे. आजी टाका घालताना डाव्या हाताने सुरकुती पुढे सारत जाते. तिचे माप बोटांचे आणि वितीचे. एक घर म्हणजे चार बोटे.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात हस्तकलेचे प्रदर्शन भरले, तेव्हा या गोधडीचा नमुना कागदावर उतरवावा असे माझ्या मनात आले. मी आलेख-कागद आणला, टेपने आजीच्या गोधडीतील घरे मोजली. प्रत्येक घर बरोबर ३ इंचांचे भरले. नऊ इंचांचा एक चौक, रुंदीला ५ आणि लांबीला ७ असे एकूण ३५ चौक, म्हणजे ४५ इंच रुंद व ६३ इंच लांब गोधडी. आकृती काढली, खाली लिहिले, ‘३ इंचांचे गडद तुकडे १७५ व फिके १४० कापावेत.’ झेरॉक्स काढून दहा रुपयांना एक अशा प्रती विकल्या. सर्व प्रती दोन तासांत संपल्या आणि मी मोठ्या आनंदात घरी गेले.

सुमारे एक महिन्याने आमच्या गल्लीतील एक मावशी घरी आल्या. त्यांच्या हातात माझा कागद होता व काखेत गाठोडे. त्यांची आई वारली त्याला वर्ष होत आले होते. आईचे हिरवे इरकली लुगडे आणि वडिलांचे धोतर एकत्र करून वर्षश्राद्धाच्या आत गोधडी शिवायची, असे त्यांनी ठरवले होते. लुगडे जागोजागी विरले होते. धडधाकट भागातून कसेबसे १७५ तुकडे निघाले. माझ्या कागदाप्रमाणे त्यांनी सगळे कापले, सगळे जोडले, आणि गोधडी तोकडी झाली. “कुठं चुकलं माझं, ते सांग,” असे त्या मला विचारत होत्या.

त्यांचे काहीच चुकले नव्हते. मी शिवून झालेली घरे मोजली आणि तेच माप कापायचे म्हणून लिहिले. शिवताना प्रत्येक कडेचा पाव इंच आत जातो. ३ इंचांच्या तुकड्याच्या दोन बाजूंचे मिळून अर्धा इंच गेले की घर उरते अडीच इंचांचे. तीन घरांचा चौक ९ ऐवजी साडेसात इंचांचा झाला. पाच चौकांची रुंदी ४५ ऐवजी साडेसदतीस आणि सात चौकांची लांबी ६३ ऐवजी साडेबावन्न. कापडाच्या कडेला शिलाईसाठी जे जास्त सोडायचे, त्याला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. माझ्या कागदात सगळे होते. माया तेवढी नव्हती.

मी आजीला विचारले, “तू मला हे का सांगितलं नाहीस?” ती म्हणाली, “अगं, दुमड धरून कापायचं असतं, ते काय सांगायचं? ते हाताला ठावं असतं.” या उत्तराने मी निरुत्तर झाले. तिच्या हाताला जे ठाऊक होते ते माझ्या टेपला दिसले नाही, आणि मला दिसले नाही म्हणून ते कागदावर आले नाही.

मार्ग आजीनेच काढला. विरलेल्या लुगड्याचे काठ मात्र मजबूत होते आणि मावशींनी ते जपून ठेवले होते. आजीने काठ व त्याला लागून असलेले अंग मिळून सव्वाचार इंचांच्या पट्ट्या कापायला लावल्या. दोन्ही कडांची माया जाता पावणेचार इंच उरले. चारी बाजूंना ती पट्टी लावल्यावर रुंदी ४५ झाली, लांबी ६० वर आली. गोधडी वर्षश्राद्धाच्या आत पुरी झाली. पण विकलेल्या इतर प्रती कोणाच्या घरी गेल्या, त्यांनी काय कापले, हे मला आजही ठाऊक नाही. सूचना-फलकावर चूक-दुरुस्तीचा कागद लावला, तो वाचून तिघीजणी आल्या.

त्यानंतर मी ग्रंथालयात बसून इतरत्र हे काम कसे झाले ते वाचले. अमेरिकेत गोधडीचे नमुने छापून विकण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. इंडियाना राज्यातील मॅरियन गावच्या मेरी वेबस्टर यांच्या गोधड्या १९११ साली ‘लेडीज होम जर्नल’मध्ये रंगीत छापून आल्या. वाचक स्त्रियांची नमुन्यांसाठी पत्रे येऊ लागली, तेव्हा त्यांनी घरूनच पातळ कागदावरचे नमुने टपालाने पाठवण्याचा उद्योग सुरू केला. १९१५ साली त्यांनी गोधड्यांच्या इतिहासावर आणि कृतीवर पुस्तकही लिहिले. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्राने १९२८ पासून १९६१ पर्यंत असे नमुने छापले. त्यांतील कित्येक वाचक स्त्रियांनीच पाठवलेले होते. पुढे बार्बरा ब्रॅकमन यांनी तुकडेजोडीच्या नमुन्यांचा कोश केला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात चार हजारांहून अधिक नमुने आहेत. एकाच नमुन्याला ठिकठिकाणी निराळी नावे असल्याचे त्यावरून दिसते. आजीची ‘नऊ घरे’ तिकडे ‘नाईन पॅच’ या नावाने ओळखली जातात.

ज्यांना स्वतः नमुना तयार करावयाचा आहे त्यांच्यासाठी, माझ्या चुकीतून शिकलेल्या गोष्टी थोडक्यात अशा :

पहिली गोष्ट, दोन मापे वेगवेगळी लिहावीत : कापायचे माप आणि शिवून झाल्यावरचे माप. ३ इंचांच्या घरासाठी साडेतीन इंचांचा तुकडा हवा. चौरस तिरका कापून दोन त्रिकोण करायचे असतील तर एवढी माया पुरत नाही, कारण तिरक्या बाजूलाही शिलाई येते. तेथे ३ इंच ७ सूत एवढा चौरस घ्यावा.

दुसरी गोष्ट, कापडाचा हिशोब द्यावा. ३६ इंच पन्ह्याच्या कापडात साडेतीन इंचांचे १० तुकडे एका पट्टीत बसतात. १७५ तुकड्यांना १८ पट्ट्या, म्हणजे ६३ इंच. १४० तुकड्यांना १४ पट्ट्या, म्हणजे ४९ इंच. हे अगदी नेमके माप झाले. कापड आटते आणि हात चुकतो, म्हणून थोडे जास्त सांगावे. जुने कापड असेल तर आधी एकच चौक शिवून मोजावा आणि मगच बाकीचे कापावे, असे ठळक लिहावे.

तिसरी गोष्ट, कागदावर एक इंचाचा चौकोन छापावा. झेरॉक्स काढताना आकृती लहान-मोठी होते; पट्टी लावून तो चौकोन मोजला की फरक लगेच कळतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्या व्यक्तीने आपली गोधडी पाहिलेली नाही तिच्या हाती नुसता कागद द्यावा आणि आपण गप्प बसावे. ती जिथे अडखळेल तिथे कागदात काहीतरी राहिले आहे असे समजावे. ही परीक्षा मी आधी घेतली असती तर एका चौकातच चूक सापडली असती.

नमुना कोणाचा, हाही प्रश्न येतोच. नऊ चौकोनांवर कोणाचीच मालकी सांगता येणार नाही. आपण काढलेली आकृती व लिहिलेला मजकूर यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा आधार आहे. डिझाइन म्हणून २००० सालच्या कायद्याखाली नोंदणी करायची तर नमुना नवा व पूर्वी प्रसिद्ध न झालेला असावा लागतो. आजीची नऊ घरे त्यात बसणार नाहीत. पण कायदा सांगत नाही म्हणून ऋण फिटत नाही. जिच्याकडून शिकलो तिचा उल्लेख कागदावर असावा, असे मला वाटते.

यंदाच्या प्रदर्शनासाठी मी तो कागद नव्याने तयार केला आहे. मावशींनी स्वतः त्याप्रमाणे एक चौक शिवून पाहिला. तो बरोबर नऊ इंचांचा भरला. कागदाच्या डोक्यावर आजीचे नाव घालावे म्हणून मी तिला विचारायला गेले. ती चष्मा शोधत होती. म्हणाली, “नाव राहू दे. माप नीट घातलंस का?”

घातले आहे, असे मी सांगितले. तरी तिने टेप मागून घेतली आणि मावशींचा चौक पुन्हा एकदा स्वतः मोजला, आधी टेपने आणि मग बोटांनी.