होडीचा तांबडा रंग

प्रश्न : होडीच्या तळाचा जुना तांबडा रंग आम्ही खाडीकाठीच खरवडतो. त्याने पाण्याला अपाय होतो का?

उत्तर : होतो. त्यातलं क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांबं, हळूहळू पाण्यात सुटतं, म्हणूनच तळाला शंख-शेवाळ धरत नाही. पूर्वीच्या रंगांतल्या ट्रायब्युटिल टिनपेक्षा हे बरंच म्हणायचं! त्या विषाने फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची कवचं वेडीवाकडी वाढली, तर ठिकठिकाणी समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटली. २००८पासून त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

रंग सोडा, असं मी सांगणार नाही. शेवाळलेला तळ डिझेल खातो. पण खाली ताडपत्री अंथरा, पाणी मारून खरवडा आणि पोपडे खाडीत ढकलू नका. पोरांना लांब ठेवा.