इंग्रजीच्या तासाला चित्रपटकथन

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके लोकरंजनाच्या बाबतीत मागासलेले कधीच नव्हते. चैत्रातील यात्रांसाठी तमाशाची सुपारी द्यावयास गावोगावची पंचमंडळी नारायणगावच्या राहुट्यांत येतात. विठाबाई नारायणगावकरांचे नाव येथे कोणास सांगावे लागत नाही. चित्रपट तर मोबाइलमुळे घरोघरी पोहोचला आहे. असे असूनही इंग्रजीच्या तासाला 'चार वाक्ये बोला' असे म्हटले की वर्ग गप्प बसतो. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकविली जाते. तरीही शाळा संपवून चाकण-पुण्याकडे नोकरीच्या मुलाखतीस जाणारा तरुण स्वतःविषयी बोलताना अडखळतो. शब्द त्यास ठाऊक नसतात असे नाही. बोलण्याजोगा विषय त्याच्या हाती दिलेला नसतो, हे त्याचे एक मोठे कारण आहे. न पाहिलेल्या प्राणिसंग्रहालयावर निबंध पाठ करणारे मूल पाहिलेल्या चित्रपटाविषयी मात्र तासभर सांगू शकते.

उदाहरणादाखल व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२) घ्यावा. गावातील तमाशास विरोध करणारे आदर्श गुरुजी फडातील नर्तकीच्या मोहात सापडतात, गाव त्यांना मृत समजून त्यांचा पुतळा उभारते, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप त्यांच्यावर येतो. मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांस ही कथा सांगण्यास दिल्यास पहिला प्रश्न काळाचा येतो. गोष्ट म्हणजे भूतकाळ, अशी शिकवण अनेक वर्गांत दिली जाते. परंतु इंग्रजीत चित्रपटाचे कथानक सांगताना सामान्यतः साधा वर्तमानकाळ वापरतात : 'द टीचर ओपोजेस द तमाशा. ही फॉल्स इन लव्ह.' गंमत अशी की, पारावर बसून सिनेमा सांगणारी मुले मराठीतही हेच करतात. 'मग तो येतो, तिला म्हणतो' अशीच त्यांची भाषा असते. शिक्षकांनी ही सवय मोडण्याऐवजी तिचा उपयोग करून घ्यावा. क्रियापदास लागणारा 'एस्' व्याकरणाच्या तक्त्यावरून जितका ठसत नाही, तितका अशा कथनात ठसतो. मात्र चित्रपट आपण केव्हा पाहिला हे सांगताना भूतकाळच हवा : 'आय सॉ इट लास्ट इयर.' एकाच निवेदनात दोन काळ कसे नांदतात, याचा यापेक्षा सोपा पाठ सापडणे कठीण.

मराठीतून शब्दशः उचललेल्या वाक्यांकडे विशेष लक्ष पुरविणे आवश्यक आहे. आपल्याकडे सिनेमा 'लागतो' आणि 'पडतो'. इंग्रजीत तो अनुक्रमे 'इज ऑन' असतो आणि 'फ्लॉप्स'. नटाने 'चांगले काम केले' म्हणजे 'अ‍ॅक्टेड वेल'; 'डिड गुड वर्क' म्हटल्यास ऐकणाऱ्यास भलतेच काही वाटावे. मराठीत चित्रपट पुल्लिंगी, म्हणून मुले 'ही इज गुड' म्हणतात. तेथे 'इट' हवे. 'मला आवडला' या रचनेतील कर्ता चित्रपट असतो, इंग्रजीत मात्र आवडून घेणारा माणूस कर्ता होतो. त्यामुळे 'द फिल्म लाइक्ड मी' असे विपरीत वाक्य तयार होते. 'मी बोअर झालो' याचे 'आय अ‍ॅम बोअरिंग' केले तर कंटाळवाणा चित्रपट नव्हे, बोलणारा ठरतो! अशा चुकांवर वर्ग मनसोक्त हसतो. तसे हसू द्यावे. फक्त चूक करणाऱ्यास हसू नये.

पुढची पायरी मताची. केवळ 'गुड' म्हणून थांबणाऱ्या विद्यार्थ्यास 'बिकॉज' म्हणून कारण द्यावयास लावावे. २००४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारा 'श्वास' यासाठी उत्तम. नातवाचा जीव वाचविण्यासाठी त्याचे डोळे काढावे लागणार, हे कळलेल्या कोकणातील आजोबांनी काय करावे? येथे प्रत्येक मुलाचे काही ना काही मत असते, आणि मत असले की शब्द शोधला जातो.

साहित्य फारसे लागत नाही. शाळेतील दूरदर्शन संचावर अथवा ग्रामपंचायतीच्या सभागृहातील पडद्यावर पाच मिनिटांचा प्रसंग आवाज बंद करून दाखवावा. निम्म्या मुलांनी पडद्याकडे पाठ करून बसावे, उरलेल्यांनी त्यांना इंग्रजीत प्रसंग सांगावा. ऐकणाऱ्यास कळले की नाही, हीच परीक्षा. गुणांची आवश्यकता नाही.

डोंगरपट्ट्यातील आदिवासी मुलांस घरच्या बोलीतून प्रमाण मराठीत व तेथून इंग्रजीत असा दुहेरी प्रवास करावा लागतो. त्यांना आधी बोलीत सांगू द्यावे. नारायणगावच्या मुलांपुढे अडचण वेगळीच. 'तमाशा' हा शब्द इंग्रजी कोशात आहे, पण तेथे त्याचा अर्थ गाजावाजा किंवा गडबडगोंधळ असा दिलेला असतो. तेव्हा गण, गवळण, बतावणी आणि वग यांसह रात्रभर रंगणारा आपल्या गावचा तमाशा परक्या माणसास चार इंग्रजी वाक्यांत समजावून सांगणे, हा पुढील तासाचा अभ्यास ठेवावा.