लाप्लास आणि आपली पाथरी

एम-थ्रीत ज्याने छळलं तो फ्रेंच गणिती लाप्लास (१७४९–१८२७) खगोलशास्त्रज्ञही होता. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "अगं, असे आपल्या परभणी जिल्ह्यातही होते!"

पार्थपूर म्हणजे पाथरी. तिथल्या ज्ञानराजांनी १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' लिहिला. ग्रहगणिताच्या ग्रंथात चक्क ऋतुवर्णन! (सबमिशनमध्ये असं लिहून बघा.) मुलगा सूर्यदास त्याहून भन्नाट. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर १५३८ मध्ये भाष्य, 'लीलावती'वर १५४१ मध्ये. शिवाय 'रामकृष्णविलोमकाव्य': श्लोक सरळ वाचला की रामकथा, उलटा वाचला की कृष्णकथा. मला इन्व्हर्स लाप्लासच आठवला.

पण मी कॉन्व्हेंटची. उलटं सोडा, सरळही वाचता येईना. शेवटी आजोबांनी अक्षरांवर बोट ठेवत वाचून दाखवलं.