दारातली कोथिंबीर : आईचे नियम व त्यांची कारणे

(द्वितीय वर्ष, कला)

महिनाअखेर पैसा कमी पडू लागला की डाळ-तांदळाला कोणी हात लावत नाही. पहिल्यांदा बंद होते ती कोथिंबीर. आषाढ-श्रावणात तर पावसाने भाजी सडते, जुडीचा भाव चढतो आणि आमटी नुसत्या मोहरीच्या फोडणीवर भागवावी लागते. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता दारात लावता येतो हे सर्वांस ठाऊक आहे. तरीही पुष्कळांचे डबे दोन महिन्यांत ओस पडतात. असे का होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या घराला अंगण नाही, ओटा आहे. त्यावर तेलाच्या रिकाम्या डब्यांत आई ही झाडे वाढवते. ती चौथीपर्यंत शिकली. पण लागवडीचे तिचे नियम पक्के आहेत. गेल्या वर्षी ग्रंथालयात वनस्पतिशास्त्राचे एक पुस्तक हाती आले आणि त्या नियमांची कारणे मला वनस्पतींच्या कुळांत सापडू लागली.

पहिला नियम : कोथिंबिरीचे रोप उपटून दुसरीकडे लावू नये. कोथिंबीर गाजराच्या कुळातली. तिचेही मुख्य मूळ गाजरासारखे सरळ खाली जाते. हे सोटमूळ दुखावले की रोप खुरटते. म्हणून धणे जागच्या जागी पेरावेत. अख्खा धणा म्हणजे फळ असून त्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलके रगडून त्याच्या दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवाव्यात आणि अर्ध्या पेराइतक्या खोल पेराव्यात. आठ-बारा दिवसांत उगवण होते व साधारण ४० दिवसांत कोथिंबीर खुडण्याजोगी होते. सगळे धणे एकदम पेरले तर सगळी कोथिंबीर एकदम येते आणि एकदम संपते. ओस डब्याचे कारण बहुधा हेच असते. तेव्हा डबे तीन करावेत आणि दर १५ दिवसांनी एक पेरावा. तिसरा उगवून येईतो पहिला स्वयंपाकाला लागतो. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते. तेव्हा तिला दुपारची सावली द्यावी.

दुसरा नियम : पुदिना काडीने लावावा आणि एकटा ठेवावा. पुदिना तुळशीच्या कुळातला. खोड बोटांत फिरवून पाहावे, चौकोनी लागते. त्याच्या पेरांपाशी मुळे सहज फुटतात. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या खालची पाने काढून पाण्यात ठेवल्या तर आठ-दहा दिवसांत मुळे दिसतात. तो मातीखालून पसरतो व शेजारच्या रोपाला जागा ठेवत नाही, म्हणून त्याचा डबा वेगळा. ज्याची आपण भजी करतो तो पानाचा ओवा तुळशीच्याच कुळातला, तोही काडीने लागतो. डब्यातला दाण्याचा ओवा मात्र कोथिंबिरीचा भाऊबंद. वास सारखा, कूळ वेगळे.

तिसरा नियम : कढीपत्त्याची पाने रोज उलटून पाहावीत. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, म्हणून लिंबावरचे फुलपाखरू त्यावरही अंडी घालते. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. ती हाताने वेचावी. जे पान पोटात जाणार त्यावर औषध मारू नये. बी ताजेच पेरावे, वाळलेले सहसा उगवत नाही. कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावातील 'कोनिजी' हे पद अठराव्या शतकात दक्षिण भारतात वनस्पती गोळा करणाऱ्या योहान कोनिग यांच्यावरून आले. पिढ्यान्‌पिढ्या तो फोडणीत घालणाऱ्या बायांची नावे पुस्तकात नाहीत.

सर्वांसाठी दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू घ्यावी. डब्याच्या तळाला चार-पाच भोके पाडावीत. चार-पाच तास ऊन मिळावे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको.

आईचा एक नियम मात्र कोणत्याच कुळात बसेना. विटाळ असताना झाडांना हात लावू नये, झाडे जळतात, असे ती म्हणे. पुस्तकात याला आधार मिळाला नाही. मी तिला सांगूनच तीन डब्यांपैकी एका डब्याला केवळ त्याच दिवसांत पाणी घातले; इतर दिवशी तिने घातले. असे तीन महिने केले. तिन्ही डबे सारखेच वाढले. आई काही बोलली नाही. पण चौथ्या महिन्यापासून त्या चार दिवसांतही पाण्याचा तांब्या माझ्याकडेच राहिला.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे नियम एकदम टाकूही नयेत आणि एकदम मानूही नयेत. त्यांना कारण विचारावे. ते न सांगता आल्यास पुस्तकात पाहावे, आणि तेथेही न मिळाल्यास डब्यात पेरून पाहावे. धणे तर प्रत्येकाच्या घरात आहेतच.