शेजाऱ्याचं कुंपण आणि काउन्सिलची मोजपट्टी

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये लंडनच्या उपनगरात राहते. तिच्या घरामागे चाळीसेक फूट लांबीची बाग आहे. बागेच्या दक्षिण हद्दीला लागून शेजाऱ्यानं सुरूसारखी दिसणारी झाडं ओळीनं लावली असून ती आता पंधरा फुटांवर गेली आहेत. हिवाळ्यात बागेत ऊन येतच नाही. शेजाऱ्याचं म्हणणं, झाडं माझी, जागा माझी. काउन्सिलकडे तक्रार करता येते, पण त्यासाठी चांगली घसघशीत फी भरावी लागते, असं मुलगी म्हणते. कुंपणाची उंची ठरवायला नगरपालिका येते, हे खरं का? आणि त्रास सोसणाऱ्यानंच वर पैसे का भरायचे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ साली समाजविघातक वर्तनाविरुद्ध एक कायदा झाला. अमली पदार्थांचे अड्डे, रात्रीचा गोंगाट, भिंती रंगवून ठेवणारी पोरं यांच्याबरोबर त्यात उंच कुंपणंही आली. कायद्याचा आठवा भाग फक्त त्यांच्यासाठी आहे. वेल्समध्ये तो २००४ च्या अखेरीस लागू झाला, इंग्लंडमध्ये १ जून २००५ ला. पुढे उत्तर आयर्लंडनं २०११ मध्ये आणि स्कॉटलंडनं २०१३ मध्ये आपापले कायदे केले.

झाडांच्या ओळीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं नाशिकमध्ये बसून वाटणं साहजिक आहे. उत्तर सूर्याच्या उंचीत आहे. डिसेंबरच्या अखेरीला लंडनमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम १५ अंश असतो. पंधरा फूट म्हणजे साधारण साडेचार मीटर. एवढ्या कुंपणाची सावली तिथे त्या वेळी सोळा-सतरा मीटर लांब पडते. तुमच्या मुलीची बाग आहे बारा मीटरची, म्हणजे सावली सगळी बाग ओलांडून घराच्या भिंतीवर चढते. त्याच दिवशी, त्याच उंचीच्या कुंपणाची नाशिकमधली सावली सव्वाचार मीटरच्या आसपास असेल, आणि एप्रिल-मे आला की तीही हवीहवीशी वाटेल.

सुरूसारखी झाडं म्हणजे बहुधा लेलँडिआय. एक सायप्रस कॅलिफोर्नियाच्या माँटेरे भागातला, दुसरा उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा. निसर्गात या दोघांची गाठ पडत नाही. वेल्समधल्या वेल्शपूलजवळच्या लेटन हॉलच्या बागेत मात्र ते शेजारी शेजारी लावले गेले आणि १८८८ मध्ये त्यांचा संकर झाला. हा संकर वर्षाला मीटरभर वाढू शकतो आणि बारमाही हिरवा राहतो. नव्या वसाहतींतल्या उघड्या बागांना थोड्या पैशांत आडोसा हवा होता, तो यानं दिला. पुढे छाटणी राहून गेली की भांडणं सुरू. ती कुठवर जात? २००३ मध्येच लिंकन शहरात कुंपणावरून एका शेजाऱ्यानं दुसऱ्याला गोळ्या घालून मारलं.

तोवर काउन्सिलचं उत्तर ठरलेलं असे : हा तुमचा खासगी मामला. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या हद्दीपर्यंत कापता येतात, हे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठानं १८९४ मध्येच मान्य केलं होतं. उंचीचं मात्र काहीच करता येत नव्हतं. वीस वर्षं सलग मिळालेल्या उजेडावर हक्क सांगता येतो, पण तो इमारतीच्या खिडकीसाठी, बागेसाठी नाही. (आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातली वीस वर्षांची अट याच परंपरेतली.)

आता तुमचा दुसरा प्रश्न. तक्रार केली की काउन्सिल आपल्या बाजूनं उभं राहील, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात या कायद्यानं काउन्सिलला पंच केलं आहे. फी आहे ती निवाड्याची. इंग्लंडमध्ये प्रत्येक काउन्सिल ती स्वतः ठरवतं आणि ती बहुधा काही शे पौंड असते, वेल्समध्ये ३२० पौंडांची कमाल मर्यादा आहे. निकाल मुलीच्या बाजूनं लागला तरी ही रक्कम शेजाऱ्याकडून वसूल करून देण्याची सोय कायद्यात नाही. आधी आपसांत मिटवण्याचे सगळे रास्त प्रयत्न केले नसतील तर काउन्सिल तक्रार ऐकायलाच नकार देऊ शकतं. त्यामुळे शेजाऱ्याला लिहिलेली पत्रं, त्याची उत्तरं, मध्यस्थाची तयारी दाखवल्याचा पुरावा, हे सगळं जपून ठेवायचं.

तक्रार घेतली जाण्यासाठी कुंपण कायद्याच्या व्याख्येतही बसावं लागतं. ओळीत किमान दोन झाडं किंवा झुडपं हवीत, ती सदाहरित किंवा बव्हंशी सदाहरित हवीत, उंची दोन मीटरपेक्षा जास्त हवी आणि त्यांचा उजेडाला किंवा ये-जा करायला अडथळा व्हायला हवा. एकटं झाड चालत नाही. पानगळीची झाडं चालत नाहीत; स्कॉटलंडनं मात्र तीही घेतली आहेत. बांबू तर गवतात मोडतो, म्हणून तो सुटतो. मुळांनी पाया उखडल्याची तक्रारही इथे होत नाही, त्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो.

मग काउन्सिलचा अधिकारी येऊन मोजमाप घेतो. दोन मीटरच्या वर गेलं म्हणजे कुंपण बेकायदा झालं, असं नाही. घराच्या आणि बागेच्या रास्त वापराला त्यामुळे बाध येतो का, हे पाहायचं असतं. एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा आडोसा आणि परिसराची शोभा. उजेडासाठी ब्रिटनच्या इमारत संशोधन संस्थेनं तयार केलेलं गणित वापरतात. कुंपण बागेच्या दक्षिणेला असेल तर बागेच्या लांबीला ०.२५ नं गुणायचं. मुलीच्या बागेसाठी १२ गुणिले ०.२५, म्हणजे ३ मीटर. तळमजल्याच्या खिडकीसाठी वेगळा हिशेब : खिडकीपासून कुंपणापर्यंतच्या अंतराचं निम्मं, अधिक एक मीटर. इथे ते ७ मीटर येतं. दोन्हींतला कमी आकडा धरतात, म्हणजे ३ मीटर. शेजाऱ्याचं कुंपण साडेचार मीटर आहे. मुलीची बाजू भक्कम दिसते.

निकाल तिच्या बाजूनं लागला तर शेजाऱ्याला लेखी आदेश निघतो : अमुक तारखेपर्यंत अमुक उंचीवर आणा आणि पुढेही त्या मर्यादेत ठेवा. छाटणीचा खर्च त्याचा. आदेश मोडणं हा गुन्हा असून १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. काउन्सिल स्वतः माणसं पाठवून काम करून घेऊ शकतं आणि खर्च त्याच्याकडून वसूल करतं. मात्र कुंपण दोन मीटरच्या खाली आणा किंवा काढूनच टाका, असा आदेश देता येत नाही. निकाल मान्य नसेल तर दोघांपैकी कोणीही २८ दिवसांत अपील करू शकतो.

आणखी एक मर्यादा आहे आणि तीच तुमच्या मुलीसाठी सर्वांत महत्त्वाची. झाडं मरतील इतकी छाटणी काउन्सिलला सांगता येत नाही. लेलँडिआयच्या जुन्या, तपकिरी लाकडाला नवी पालवी फुटत नाही, त्यामुळे एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त छाटणं धोक्याचं समजतात. आज साडेचार मीटरचा तिसरा हिस्सा काढला की बरोबर तीन मीटर उरतात. दोन वर्षं थांबलं आणि झाडं साडेसहा मीटरवर गेली, तर तिसरा हिस्सा काढूनही सव्वाचारच्या वर राहतील. मग गणित कितीही बाजूनं असलं तरी तीन मीटरचा आदेश मिळणं अवघड.

म्हणून मुलीला सांगा, वाट पाहू नये, पण फीही लगेच भरू नये. आधी टेप घेऊन बाग मोजावी आणि वरचा हिशेब शेजाऱ्याला पत्रातून कळवावा. छाटणी ऑगस्टनंतर केली तरी चालेल, असंही लिहावं, कारण त्याआधी पक्ष्यांच्या विणीचा हंगाम असतो आणि वापरात असलेल्या घरट्यांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे. काउन्सिलचा आदेश एकदा निघाला की तो त्या जागेच्या सरकारी नोंदीत चढतो, पुढच्या मालकालाही लागू होतो आणि घर विकताना गिऱ्हाइकाच्या वकिलाला दिसतो. ‘झाडं माझी, जागा माझी’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला ही माहिती उपयोगी पडेल. पत्राच्या शेवटी, सौम्य शब्दांत, तीही घालावी.