देवळालीचे कापरेकर गुरुजी

मुलांनो, वही-पेन्सिल घ्या. २४१३ ही संख्या लिहा. तिच्यातील अंकांपासून सर्वांत मोठी व सर्वांत लहान संख्या तयार करा. मोठीतून लहान वजा करा.

४३२१ − १२३४ = ३०८७

आलेल्या उत्तराचे अंक घेऊन पुन्हा तसेच करा.

८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
७६४१ − १४६७ = ६१७४

आता उत्तर बदलतच नाही! आहे की नाही गंमत? चार अंकी कोणतीही संख्या घ्या. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. मात्र चारही अंक सारखे नकोत. मध्येच उत्तर तीन अंकी आले, तर त्याच्या डावीकडे शून्य लिहा.

ही गंमत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी शोधली. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळेत शिकवत. फावल्या वेळात ते संख्यांशी खेळत बसत. काही गणितज्ञांना हा नुसता पोरखेळ वाटे. पण गुरुजींनी आपला छंद सोडला नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील एका विज्ञान मासिकात त्यांच्याविषयी लिहिले. गुरुजींचे नाव जगभर झाले. आज ६१७४ या संख्येला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

गुरुजींजवळ प्रयोगशाळा नव्हती. करून पाहायचे, काय घडते ते टिपून ठेवायचे, पुन्हा पडताळायचे, एवढेच ते करत. शास्त्रज्ञही असेच काम करतात.

आता तुम्ही तीन अंकी संख्या घ्या. शेवटी कोणती संख्या पुन्हा पुन्हा येते, ते शोधून काढा.